एका मिनिटासाठी

पुण्यात आम्हां दोघांना ओळखणाऱ्या माणसांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाला वाटते की आम्ही फौजेत आहोत. दुसऱ्याला वाटते की आम्ही दर रविवारी कामशेतला जातो. दोन्ही समज या शहराला साजेसेच आहेत. जेथे दक्षिण कमांडचे मुख्यालय आहे आणि खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, त्या गावात हवाई छत्री म्हटली की गणवेश आठवणारच. आणि पावसाळा सरल्यावर कामशेतच्या टेकड्यांवरून रंगीबेरंगी पंख तरंगत जाताना ज्याने पाहिले आहेत, त्याच्या लेखी उडणे म्हणजे तेच. पण पॅराग्लायडिंग करणारा आधी जमिनीवर पंख उघडतो आणि मग टेकडी सोडतो. आम्ही आधी विमान सोडतो, छत्री मागाहून उघडतो. या दोहोंच्या मधला जो वेळ, तोच आमचा छंद. त्याला स्कायडायव्हिंग म्हणतात, आणि मराठीत त्याला अजून सर्वांच्या तोंडी बसलेला शब्द नाही.

तो वेळ तरी किती? विमान साधारण १३,००० फुटांवर जाते. दारातून बाहेर पडल्यावर दहा-बारा सेकंदांत शरीराचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या घरात पोहोचतो. तेथे वजन आणि हवेचा विरोध यांची बरोबरी होते व वेग वाढायचा थांबतो. त्यापुढे दर साडेपाच सेकंदांना सुमारे हजार फूट या हिशेबाने माणूस खाली येत राहतो. छत्री उघडेपर्यंत जेमतेम एक मिनिट हाती लागते. त्यानंतरची पाच-सात मिनिटे छत्रीखालची. पोटात गोळा येतो का, हे आम्हांला हमखास विचारले जाते. जत्रेतल्या पाळण्यात येतो तसा तो येत नाही. विमानाचा वेग आपल्या अंगात आधीच असतो, त्यामुळे एकदम तुटून पडल्याचा भास होत नाही. जाणवतो तो वारा. तो छातीखाली गादीसारखा घट्ट लागतो आणि त्याच्या आवाजात दुसरे काही ऐकू येत नाही.

हे एक मिनिट पुण्यात मिळत नाही. लोहगावचा विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ. शहरावरच्या आकाशात हौसेने उड्या मारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. देशात हरियाणामध्ये नारनौलजवळच्या बाछोद धावपट्टीवर नागरिकांसाठी सोय झाली, उज्जैनजवळच्या दताना धावपट्टीवर मध्य प्रदेश पर्यटन मंडळाने २०२२ मध्ये महोत्सव भरवला. अशा ठिकाणी बहुतेक गर्दी प्रशिक्षकाच्या छातीला बांधून जोडीने उडी घेणाऱ्यांची असते. एकट्याने उडी घ्यायला शिकायचे असेल, तर दोन प्रशिक्षकांनी दोन्ही बाजूंनी धरून नेण्यापासून सुरुवात करावी लागते. अमेरिकन पॅराशूट संघटनेच्या पद्धतीत निदान २५ उड्या झाल्यावाचून पहिला, म्हणजे ‘ए’ परवाना मिळत नाही. आमचे हे शिक्षण थायलंडमध्ये, पट्टायाजवळ झाले. दोन दिवाळ्यांचा बोनस त्यात गेला.

परवाना हाती आला की मोकळे झालो, असे वाटत असेल तर तेही खरे नव्हे. ‘ए’ परवानाधारकाने ६० दिवसांत उडी घेतली नाही, तर त्याने पुन्हा प्रशिक्षकाबरोबर उजळणी करावी असा दंडक आहे. ज्याच्या घरापासून तासाभरावर मैदान आहे, त्याला हा नियम जाचत नाही. आम्ही वर्षातून एकदा, फार तर दोनदा जाणारी माणसे. आमची प्रत्येक सहल उजळणीनेच सुरू होते. एकदा शिकलेले पुन्हा शिकण्यासाठी पैसे मोजणे प्रथम जिवावर आले. हळूहळू त्याची अशी सवय झाली की आता उजळणीवाचून दारात उभे राहण्याची कल्पनाच करवत नाही.

तेव्हा हा छंद म्हणजे मुख्यतः नियोजन. जून ते सप्टेंबर हे आमचे कागदावरचे महिने. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि आम्ही रजेचे अर्ज, व्हिसा, विमानभाडे यांचा मेळ घालत बसतो. अमेरिकेत एका उडीचे तिकीट ३० डॉलरांच्या आसपास असते, म्हणजे उडी स्वस्त आणि तेथपर्यंत जाणे महाग. दुबईचा हंगाम थंडीतला. ॲरिझोनामध्ये एलॉय येथे नाताळाच्या सुमारास जगभरचे लोक जमतात. नेमके तेच दिवस आम्हांला वर्ज्य. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा चुकवून कोणी कुठे जायचे नाही, असा आईचा नियम आहे. त्यामुळे आम्ही २६ डिसेंबरला निघतो, म्हणजे जेव्हा भाडे सर्वांत चढलेले असते तेव्हा.

विम्याचीही गंमत आहे. आयुर्विम्याच्या अर्जात धोक्याच्या छंदांविषयी प्रश्न असतो. तेथे खरे लिहावे तर हप्ता वाढतो किंवा त्या कारणाने आलेला मृत्यू वगळला जातो, आणि खोटे लिहावे तर पॉलिसीच कुचकामी ठरते. प्रवासविम्याच्या साध्या पॉलिसीतही असे खेळ बहुधा वगळलेलेच असतात. आम्ही खरे लिहितो, स्वतंत्र विमा घेतो आणि हप्त्याची पावती आईच्या हाती पडणार नाही अशी ठेवतो.

सामान मात्र लपवता येत नाही. पाठीवरच्या त्या पिशवीत दोन छत्र्या असतात, एक मुख्य आणि एक राखीव, आणि त्यांच्यामध्ये साबणाच्या वडीपेक्षा थोडे मोठे असे एक यंत्र. जर्मनीतल्या हेल्मुट क्लोट यांनी १९९१ मध्ये बाजारात आणलेले ‘सायप्रस’ हे त्याचे बहुतेकांना ठाऊक असलेले रूप. जमिनीपासून सुमारे ७५० फुटांवरही माणूस वेगाने कोसळतच असेल, तर हे यंत्र राखीव छत्रीचा फास आपोआप कापते आणि ती उघडते. माणूस बेशुद्ध असला तरी. राखीव छत्री अधिकृत कारागिराकडूनच घडी करून घ्यावी लागते; अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची आहे. मुख्य छत्री मात्र आपली आपण घडी करायची. ती पसरली की आमचा दिवाणखाना भरून जातो. २१० चौरस फुटांचे ते निसरडे कापड हवा धरून ठेवते आणि पिशवीत जाण्यास नकार देते. अशा वेळी आमची आठ वर्षांची मुलगी त्यावर पालथी पडते व हवा काढून देते. हे काम तिला इतके आवडते की पाहुण्यांसमोर तिला गप्प करावे लागते.

मुलीच्या जन्मानंतरच घरात खरा प्रश्न उभा राहिला. तो आईने विचारला, आणि तिच्या पद्धतीने विचारला. आई वसईची, शुभवर्तमान तिच्या जिभेवर. एका रात्री जेवताना ती म्हणाली, “मंदिराच्या शिखरावर उभे करून सैतानाने प्रभूला हेच सुचवले ना, की उडी टाक, देवदूत झेलतील? प्रभूने काही उडी टाकली नाही.”

“आई, आमच्याकडे दोन-दोन छत्र्या असतात,” आम्ही म्हणालो.

“म्हणजे देवदूतांवरही भरवसा नाही,” असे म्हणून ती आमटी वाढू लागली.

हसू आले, तरी तिचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या मोहाचे मर्म उंचीत नाही. गरज नसताना, केवळ पाहण्यासाठी, जीव पणाला लावून देवाची परीक्षा घेणे हे ते मर्म. छत्री, यंत्र, उजळणी ही सारी तयारी ‘कसे’ याचे उत्तर देते. ‘कशासाठी’ याचे देत नाही. आम्ही आकड्यांचा आधार घेतला. २०२३ साली अमेरिकेत सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि त्यांत १० माणसे दगावली, असे तेथील संघटनेची नोंद सांगते. साठ वर्षांपूर्वी उड्या याहून कितीतरी कमी होत आणि माणसे याहून अधिक जात. आईने हे सारे शांतपणे ऐकून घेतले.

“त्या दहांना मुले होती?” तिने विचारले.

त्या रात्रीपासून आमचा एक नियम आहे: दोघांनी एका विमानातून उडी घ्यायची नाही. एक आकाशात असेल तेव्हा दुसरा जमिनीवर, डोळ्यांनी त्याला मोजत. आमच्या मित्रांना हा नियम भावुकपणाचा वाटतो. ज्या जोडीने हा छंद बरोबर सुरू केला, हातात हात घालून पडण्यासाठी सुरू केला, त्यांनी तेवढेच सोडून द्यायचे, याला काय म्हणावे? आम्हीही त्याला काही नाव दिलेले नाही. पाळतो मात्र.

त्याची किंमत स्पेनमध्ये कळली. बार्सिलोनाच्या उत्तरेस समुद्रकाठी एंपुरियाब्रावा नावाचे गाव आहे. युरोपातले हे एक नामांकित मैदान. पाच दिवस राखून ठेवले होते. त्या प्रदेशात उत्तरेकडून ‘त्रामोन्ताना’ नावाचा वारा सुटतो, कोरडा आणि हट्टी. आकाश निरभ्र, ऊन लखलखीत, आणि विमाने जमिनीला खिळलेली. नवशिक्यांसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल. परवानाधारकांना थोडी सवलत असते, पण तो वारा कोणालाच सवलत देत नव्हता. चार दिवस आम्ही वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी पिशवी पाहत कॉफी प्यायलो. नारिंगी रंगाची ती पिशवी आडवी ताठ उभी असायची. पुण्यात बसून घडवलेले सारे वेळापत्रक तिच्यापुढे निरुपयोगी होते. चिडणारेही पाहिले, आणि तिसाव्या वर्षी हा खेळ सुरू करून साठीला आलेले, पुस्तक वाचत पडलेले लोकही पाहिले. मैदानावर म्हातारी माणसे कशी दिसतात हे नवख्याने नीट पाहावे. ती बहुतेक वेळ बसलेली दिसतात.

पाचव्या दिवशी सकाळी वारा पडला. आमच्यापैकी एकाने पहिल्या विमानाने जाऊन उडी घेतली. तो मिनिटभराचा ठिपका, मग फुललेली छत्री, मग गवतावर उतरलेली दोन पावले, हे सारे दुसऱ्याने खालून पाहिले. मग पाठीवर पिशवी चढवली, पट्टे तपासून घेतले, रांगेत पाऊल टाकले, आणि नारिंगी पिशवी पुन्हा ताठ झाली. एकाच विमानातून गेलो असतो तर दोघांनाही उडी मिळाली असती. कोणाची झाली आणि कोणाची राहिली हे सांगत नाही. परतीच्या प्रवासात त्यावर पुरेसे बोलणे झाले आहे.

या वाटेने आमच्या आधी गेलेल्या दोन स्त्रियांविषयी लिहायला हवे, कारण आमच्या घरात त्यांची नावे नातलगांसारखी घेतली जातात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी घेतली. ती त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी होती. २००६ च्या डिसेंबरात त्यांनी दक्षिण ध्रुव गाठला, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत पट्टायाच्या आकाशात त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली. नऊवारीची छायाचित्रे आईला फार आवडली. काष्टा सुटला नाही याचे तिला विशेष. त्यांच्या आधी रेल्वेतल्या रेचल थॉमस यांनी एप्रिल २००२ मध्ये उत्तर ध्रुवावर ७,००० फुटांवरून उडी घेतली होती. त्यांची पहिली उडी १९७९ ची, आग्र्याची. आज सरावासाठी परदेशी जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या काळाचा विचार केला की आपल्या तक्रारी फार लहान वाटू लागतात. त्या दोन मुलांच्या आई होत्या, हे आम्ही आईला मुद्दाम सांगितले. त्यावर ती म्हणाली, “त्यांची आई काय म्हणाली ते लिहिलंय का कुठे?”

१७ जुलै २०२५ रोजी फेलिक्स बाउमगार्टनर गेला. २०१२ मध्ये ३९ किलोमीटर उंचीवरून उडी घेऊन जो पायांवर उभा उतरला, त्याला इटलीत मोटरच्या पॅराग्लायडरवर मरण आले. पुढची बातमी आईने आमच्या आधी वाचली. तिने वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते रद्दीत न टाकता देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवले. आम्ही वाट पाहत राहिलो. ती काही बोलली नाही. बाहेर पाऊस लागला होता. नेहमीप्रमाणे आम्ही कागद पसरले, पण त्या आठवड्यात एकही ओळ लिहिली गेली नाही.

पुढच्या रविवारी मिस्सेहून परतल्यावर तिनेच विचारले, “यंदा कुठे?”

आम्ही म्हटले, नारनौल, २७ डिसेंबरपासून चार दिवस. देशातच. मुलीला घेऊन जाऊ, तुम्हीही चला. येणार की नाही हे ती बोलली नाही. दुपारी छत्री पसरली तेव्हा मुलगी नेहमीप्रमाणे त्यावर लोळत होती. पिशवीची पाकळी ज्या करंगळीएवढ्या दोरीच्या फासाने बंद होते, तो फास झिजला तर पिशवी नको तेव्हा उघडते. म्हणून प्रत्येक सहलीपूर्वी तो तपासायचा असतो. तपासणीसाठी आम्ही तो समोर काढून ठेवला होता. चाळीस वर्षे शिवणयंत्र चालवलेल्या आईने चष्मा लावला, फास उचलून खिडकीशी नेला आणि उजेडात फिरवून पाहिला.

“एक पदर सुटलाय,” ती म्हणाली. “नवा घाला.”