दहा गोळ्या

व्हिएतनामला जाऊन आलो हे घरच्यांना फोटोंवरून कळलंच आहे. "मजा केलीत!" असं सगळे म्हणाले. केलीच. पण एक दिवस फोटोंत नीट आलेला नाही, तो लिहीन लिहीन म्हणत राहून गेला होता.

हो ची मिन्ह शहराच्या वायव्येला कू ची नावाचा भाग आहे. तिथे जमिनीखाली एके काळी सुमारे २५० किलोमीटर भुयारं होती. १९४० च्या दशकात फ्रेंचांविरुद्ध लढताना ती खोदायला सुरुवात झाली, पुढे अमेरिकेशी लढताना खूप वाढवली. माणसं आतच राहायची, शिजवायची, जखमींवर उपचार करायची. चुलीचा धूर लांब नेऊन सोडायचा, हवेची भोकं वारुळांत लपवायची. हे सगळं वाचून गेलो होतो.

प्रत्यक्षात काय? गाईडने पाचोळा सारला, छोटंसं झाकण उचललं, आत उतरला आणि झाकण ओढून गडप! टाळ्या. मग एकेकाचे फोटो. माझं पोट अडकलं, सगळे हसले, मीही हसलो. पुढे सापळे होते. फिरती फळी, खाली टोकदार बांबू. गाईडने काठीने फळी दाबून दाखवली, पुन्हा हशा. अशा बांबूंवर खरंच कोणी पडलं असेल, हे हसून झाल्यावर सुचलं. पर्यटकांसाठी रुंद केलेल्या भुयारात वीसेक मीटर रांगलो, तेवढ्यात गुडघे बोलू लागले.

आल्यापासून बंदुकांचे आवाज येत होते. मला वाटलं, वातावरणनिर्मितीसाठी रेकॉर्ड लावली असेल. कसलं काय! तिथे पैसे भरून खऱ्या बंदुका चालवता येतात. एके-४७, एम-१६... कमीत कमी दहा गोळ्या. चिरंजीव आता कॉलेजात आहेत, माझ्याकडे बघायला लागले. मी पाकीट काढलं.

आमचे अण्णाकाका १९७१ च्या लढाईत होते. लहानपणी आम्ही पोरं त्यांना विचारायचो, "काका, किती मारले?" काका काही न बोलता उठायचे आणि झाडांना पाणी घालायला जायचे. भर पावसाळ्यातसुद्धा. नेमकं ते तिथे, कुपन हातात असताना आठवलं. तरी कुपन मी मुलाच्या हातात दिलं.

नंतर उकडलेला टॅपिओका खायला दिला. आपला साबुदाणा होतो तोच कंद, सोबत शेंगदाणे-तीळ-मिठाचं कूट. भुयारातली माणसं यावर दिवस काढायची म्हणे. आम्हाला उपासाची आठवण झाली. खाता खाता मुलाला अण्णाकाकांचं सांगितलं. त्याचे कान अजून वाजत होते. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "मग तू पैसे का भरलेस, बाबा?"

कू चीच्याच परिसरात एक स्मारक-मंदिर आहे. त्याच्या भिंतींवर सुमारे ४४ हजार मृतांची नावं कोरली आहेत. आमची सहल अर्ध्या दिवसाची, त्यात ते बसत नव्हतं. गोळ्यांना मात्र वेळ मिळाला.

असो. मुलाला उत्तर द्यायचं अजून राहिलंय.