उटीच्या सुगंधी पानांत औषध किती?

मेट्टुपाळयमहून निघालेली छोटी निळी आगगाडी कल्लार सोडते आणि रुळांमधल्या दातेरी पट्टीला धरून घाट चढू लागते. 46 किलोमीटरचा प्रवास, 16 बोगदे, 208 वळणे आणि सुमारे अडीचशे पूल! 1908 साली उटीपर्यंत पोहोचलेल्या या रेल्वेला 2005 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. मुले प्रत्येक बोगद्यात ओरडत होती. खिडकीशी बसलेल्या सासूबाई मात्र उजव्या बरगडीला शाल लागू नये म्हणून ती सारखी सावरत होत्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांना नागीण झाली होती. फोड सुकले, पण आतली आग गेली नव्हती. तेवढीच हवापालट होईल म्हणून आम्ही त्यांना सोबत आणले होते.

समुद्रसपाटीपासून 2,240 मीटर उंचीवरच्या उटीला जिरेनियम फार मानवते. बंगल्यांच्या खिडक्यांत, चहाच्या टपरीवरच्या जुन्या डब्यांत, जिकडेतिकडे लाल-गुलाबी झुबके. 1848 साली उभ्या राहिलेल्या सरकारी वनस्पती उद्यानात फिरून आम्ही बाजारात आलो. निलगिरी तेलाच्या दुकानात मालकाने एक छोटी बाटली उघडून सासूबाईंच्या हाती दिली. गुलाबासारखा, पण थोडा उग्र वास!

‘‘अम्मा, हे जिरेनियम. दुखणे, खोकला, डास, सगळ्यावर चालते,’’ तो मोडक्या हिंदीत म्हणाला.

सासूबाईंनी आशेने माझ्याकडे पाहिले. बाटली घेतली खरी, पण घरी आल्यावर मी या ‘सगळ्यावर’चा शोध घ्यायचे ठरवले.

नाव एक, झाडे अनेक

ज्याला आपण जिरेनियम म्हणतो, ते शास्त्रीयदृष्ट्या पेलार्गोनियम. लिनियसने 1753 मध्ये दोन्ही एकाच कुळनावाखाली ठेवली होती. 1789 मध्ये ती वेगळी झाली, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. यांचे मूळ घर दक्षिण आफ्रिका. खिडकीत शोभणारे लाल फुलांचे झाड वेगळे आणि तेल देणारे, कातरलेल्या पानांचे, लहान फिकट गुलाबी फुलांचे झाड वेगळे. हे सुगंधी झाड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचांनी तामिळनाडूतल्या येरकाडच्या डोंगरांत आणले. पुढे निलगिरी आणि कोडाईकनाल भागातही त्याची लागवड झाली. अलीकडे महाराष्ट्रातले काही शेतकरीही ते लावतात.

एक टन पाल्यातून जेमतेम किलोभर तेल निघते. त्यातले सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल हे घटक गुलाबाच्या तेलातही असतात, म्हणूनच वास तसा येतो. साबण आणि अत्तरांत या तेलाला मोठी मागणी आहे. महागड्या गुलाबतेलातली भेसळही याचीच!

डास आणि खोकला

हे तेल अंगाला लावले तर डास काही वेळ दूर राहतात, पण वास उडून जातो तसा परिणामही ओसरतो. नुसती कुंडी ठेवून तर काहीच होत नाही. ‘डास पळवणारे झाड’ म्हणून परदेशात विकल्या गेलेल्या एका पेलार्गोनियमची तपासणी 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. डेंग्यू पसरवणारे डास त्या झाडाच्या पानांवर खुशाल बसलेले आढळले! तेव्हा खिडकीत कुंडी जरूर ठेवा, पण जाळी काढू नका.

खोकल्याची गोष्ट आणखी वेगळी. दक्षिण आफ्रिका आणि लेसोथोमध्ये पेलार्गोनियम सिडॉइडिस या जातीची मुळे पिढ्यान्‌पिढ्या औषधात वापरतात. त्यांच्या अर्काच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत. तीव्र ब्राँकायटिसमध्ये थोडा उपयोग होत असावा, पण पुरावा भक्कम नाही, असा त्यांचा निष्कर्ष. उटीच्या बाटलीत पानांचे तेल होते, त्या मुळांचा अर्क नव्हे. एकाचे श्रेय दुसऱ्याला कसे द्यायचे?

नागिणीची आग

राहिले सासूबाईंचे दुखणे. इथे मात्र मला नवल वाटले. 2003 मध्ये अमेरिकेत नागिणीनंतर राहिलेल्या वेदनेच्या 30 रुग्णांवर या तेलाची चाचणी झाली होती. तेल लावल्यावर काही मिनिटांत वेदना कमी झाली, पण आराम तात्पुरता होता. चाचणीही लहान.

हे सारे घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, ‘‘चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत. तेल पोटात घ्यायचे नाही. खोबरेल तेलात पातळ करून आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावा. दिवसभरात लाली, खाज आली नाही, तरच पुढे. आणि जखमेवर, डोळ्यांजवळ कधीच नाही.’’ जाता जाता त्यांनी आम्हालाच विचारले, ‘‘तुम्ही दोघांनी पन्नाशी ओलांडली ना? नागिणीची लस आता भारतातही मिळते. तिचा विचार केलात का?’’

सासूबाईंना तेल सोसले. त्या म्हणतात, ‘‘अर्धा-पाऊण तास बरे वाटते गं.’’ आग गोळ्यांनी हळूहळू उतरते आहे. पण रात्री झोपण्यापूर्वीचा तो अर्धा तास त्यांना हवा असतो. ‘सगळ्यावर’ चालणाऱ्या बाटलीतून एवढे मिळाले, हेही थोडे नाही. आम्ही दोघांनी लस घेतली, हा उटीच्या सहलीचा आणखी एक लाभ!

कसे जाल?

जवळचा विमानतळ कोइंबतूर. तिथून उटी रस्त्याने सुमारे 86 किलोमीटर, म्हैसूरहून सुमारे 125 किलोमीटर. छोट्या गाडीचे आरक्षण खूप आधी करावे. 2024 पासून बाहेरच्या वाहनांसाठी ई-पासची पद्धत सुरू झाली आहे, म्हणून निघण्यापूर्वी ताजे नियम पाहावेत. पुष्पप्रदर्शन मे महिन्यात भरते. गरम कपडे मात्र उन्हाळ्यातही हवेतच.