भाडं आधी ठरतं, भाव नंतर



आजची नोंद. रांगडा कांदा, लागण होऊन ४८ दिवस. काल पाणी दिलं. पातीच्या बेचक्यात फुलकिडे दिसायला लागलेत, निळे चिकट सापळे लावलेत. फवारणी आजच करायची होती, पण पंपाची नळी ओढायला माणूस नाही. नळी ओढायचा तो माझा धाकटा पोरगा, आणि तो परवा रात्री ट्रकवर गेला.

म्हणून पिकाचं आज एवढंच. बाकी पोराबद्दल लिहितो. दोन दिवसांत गावातल्या पाच-सहा जणांनी मला एकच विचारलं, "घरची पाच एकर जमीन असताना पोरगं ड्रायव्हर कशापायी झालं?" पहिल्यांदा राग आला. मग आठवलं, हाच प्रश्न महिनाभर मी त्याला विचारत होतो.

लोकांची उत्तरं ठरलेली असतात. शिक्षण नाही, फिरायची हौस, संगत, मोबाईलवरचे ट्रकचे व्हिडिओ. थोडं खरं असेल. पण आमचं पोरगं बारावी झालंय, आणि हौस म्हणाल तर त्याला आंघोळीला घरचीच विहीर लागते. लायसनला शिक्षण लागतच नाही आता. आठवी पासची अट होती, ती २०१९ ला सरकारने काढली. वय २० पूर्ण पाहिजे आणि हलक्या गाडीचं लायसन एक वर्ष जुनं पाहिजे, मग हेवीचं काढता येतं.

गाडी चालवायला मात्र मीच शिकवली. तेराव्या वर्षी ट्रॅक्टरवर बसवलं. चूकच होती ती, पण नांगरट चालू असताना मला भाकरी खायला वेळ मिळायचा म्हणून बसवलं. पंधराव्या वर्षी तो भरलेली ट्रॉली मागं घ्यायचा. ज्याने घेतलीय त्याला माहीत आहे, ट्रॉली मागं घेणं हे ट्रकपेक्षा अवघड. आपली पोरं ड्रायव्हर होतात म्हणजे कुठून परक्या गावचं काम धरत नाहीत. निम्मं काम आपण बांधावरच शिकवलेलं असतं.

आता खरी गोष्ट. ती फेब्रुवारी २०२३ ची आहे.

त्या साली आम्ही चार जणांनी मिळून एक गाडी बेंगलोरला भरली. आमच्या करमाळा भागातून कांदा सोलापूरला जातो, पुण्याला जातो, बेंगलोरलाही जातो. गाडीत ३२० पिशव्या होत्या, त्यात माझ्या ११८, म्हणजे ५९ क्विंटल. भाडं पिशवीला ११० रुपये. हे गाडी दारात यायच्या आधीच फोनवर ठरलेलं होतं. कांद्याला काय मिळणार ते चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

ड्रायव्हर आष्टी तालुक्यातला, पस्तिशीच्या आसपासचा. गाडी भरेपर्यंत आमच्या ओट्यावर बसून जेवला. मी सहज विचारलं, "शेती नाही का घरी?" म्हणाला, "आहे की मामा, चार एकर. कोरडवाहू. तिच्यासाठीच तर गाडी चालवतो. पगाराच्या पैशातून पेरणी होते." ताडपत्री बांधली, दोर आवळले आणि गाडी गेली. सोलापूर, विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग असा सहाशे किलोमीटरच्या वर रस्ता.

चार दिवसांनी पट्टी आली. भाव सरासरी ७०० रुपये क्विंटल. एकूण ४१,३०० रुपये. त्यातून भाडं १२,९८० आणि हमाली-तोलाई वगैरे २,३६० वजा. राहिले २५,९६०. रिकाम्या पिशव्यांचे ४,१३० आणि काढणी, कापणी, भरणीची मजुरी १४,५०० मी आधीच दिली होती. म्हणजे घरात आले ७,३३०. रोप, खत, औषध आणि चार महिन्यांची आमची तिघांची मजुरी यात धरलेली नाही.

त्याच महिन्यात सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची बातमी सगळ्यांनी वाचली होती. ५१२ किलो कांदा, भाव किलोला एक रुपया, वाहतूक-हमाली-तोलाई ५०९ रुपये ५० पैसे, हातात दोन रुपयांचा चेक. माझं त्याच्यापेक्षा बरं झालं म्हणून मी पट्टी खिळ्याला अडकवली.

पोराने ती खाली काढली. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "आण्णा, कांदा सात रुपयाने गेला तरी भाडं एकशे दहा. सतरा रुपयाने गेला असता तरी एकशे दहाच. हमालाचा आकडा ठरलेला, तोलाईचा ठरलेला. आपला आकडा तेवढा सगळ्यांचं देऊन झाल्यावर."

मी म्हणलं, "चालायचंच. शेती आहे." यापेक्षा वेगळं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ते पोरगं तेव्हापासून मनातून गाडीवर गेलं होतं, असं मला आता वाटतं. पुढं डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. तेव्हा तो काही बोलला नाही. गुपचूप लायसनच्या तयारीला लागला. आधी वर्षभर पिकअपवर भाजीपाला ओढला, मग हेवी काढलं.

म्हणून लोकांना सांगतो, पोराला कामाचा कंटाळा नाही. ट्रकवर झोप मिळत नाही, शेतात निदान बांधावर आडवं तरी होता येतं. त्याला कंटाळा आला तो आकडा माहीत नसण्याचा. महिन्याला १८,००० पगार आणि वर रोजचा खुराकी भत्ता. फार नाहीत हे पैसे. पण एक तारखेला किती येणार ते त्याला माहीत आहे. लग्नाचंही तसंच. ड्रायव्हरलाही कोणी लगेच पोरगी देत नाही. तरी पाहुणे पगार विचारतात तेव्हा सांगायला आकडा असतो. "कांदा कसा जाईल त्यावर" असं सांगितलं की पाहुणे चहा पिऊन उठतात.

आता दुसरी बाजू, कारण इथं तरुण पोरंही वाचतात.

मोटार कामगारांचा १९६१ चा कायदा २०२५ पर्यंत होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, त्यापेक्षा जास्त काम घ्यायचं नाही असं त्यात लिहिलेलं होतं. रस्त्यावर किती ड्रायव्हर आठ तासांनी चावी काढतात ते तुम्ही बघताच. जेवण ढाब्यावर, आंघोळ पंपावर, कंबर चाळिशीला कामातून जाते. आणि अपघात. १ जानेवारी २०२४ ला ड्रायव्हरांनी संप केला, पंपांवर रांगा लागल्या, ते आठवत असेल. नव्या कायद्यात धडक देऊन न कळवता पळून गेलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ ला कायदा लागू झाला तेव्हा तेवढं कलम बाजूला ठेवलं. पण पोराने तेव्हा जे विचारलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. "थांबलो तर लोक मारतात, पळालो तर जेल. मग ड्रायव्हरने करायचं काय?" मी सांगितलं, जवळचं पोलीस ठाणं गाठायचं आणि आधी फोन लावायचा. सांगायला सोपं आहे.

तिसरी गोष्ट, स्वतःच्या गाडीची. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एकाने दीड एकर विकून दहा टायरी घेतली. हप्ता ठरलेला, डिझेल वाढतं, टोल चुकत नाही, आणि परतीचं भाडं मिळेल तेव्हा मिळेल. दोन वर्षांत गाडी फायनान्सवाल्याने ओढून नेली. जमीन तर आधीच गेली होती. पगारी ड्रायव्हराला आकडा माहीत असतो. गाडीचा मालक झाला की तो पुन्हा शेतकरीच, फक्त टायरवरचा.

म्हणून पोराला तीन अटी घातल्या. सातबाऱ्यावर बोजा चढवून गाडी घ्यायची नाही. रात्री दोन ते पाच गाडी बाजूला लावून झोपायचं, मालक ओरडला तर मला फोन लावून द्यायचा. आणि गाडी चालू असताना आमचा फोन उचलायचा नाही. तिसरी अट त्याच्या आईला जड जाते. काल सहा वेळा लावला तिने. सातव्या वेळी त्याचाच आला, चित्रदुर्गच्या अलीकडून. "जेवलो. कांद्याला औषध मारलं का?"

मी मारलं म्हणून सांगितलं.

उद्या सकाळी मारायचं आहे. नळी त्याची आई धरणार आहे. जानेवारीत कांदा निघेल, तेव्हा कदाचित तोच गाडी घेऊन दारात येईल, आणि भाडं त्याच्या मालकाशी मलाच ठरवावं लागेल.

तुम्ही एक करा. यंदाची पट्टी आली की पोरांपासून लपवू नका, सोबत बसवून वाचा. आणि वाचून झाल्यावर ते काय म्हणतंय ते ऐका, माझ्यासारखं "चालायचंच" म्हणू नका.

फवारणीचा निकाल चार दिवसांनी लिहितो.