पहिलं आलेलं विमान

बोईंग २४७चे जुने फोटो मी मोबाइलवर झूम करकरून बघतो. विमान १९३३चं, तरी चेहरा ओळखीचा वाटतो: पूर्ण धातूचं अंग, दोन इंजिनं, उडाल्यावर वर ओढून घेता येणारी चाकं. आत जागा जेमतेम दहा जणांची. पंखांचा दांडा केबिनमधून आडवा गेलेला. पुढच्या सीटवर जायचं तर तो ओलांडायचा. तरीही अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर ते साधारण वीस तासांत पोचवायचं.

असं विमान कोणाला नको असेल? पण बोईंग आणि युनायटेड तेव्हा एकाच घरच्या. पहिली ६० विमानं घरातच राखीव. टीडब्ल्यूएला ‘थांबा’ म्हटलं गेलं. ती डग्लसकडे गेली. तिथे डीसी-१ घडलं, मग १४ प्रवाशांचं डीसी-२ आणि १९३५मध्ये डीसी-३.

२४७ एकूण ७५च बनली. डीसी-३ लष्करी रूपांसह दहा हजारांच्या वर गेलं. २७ ऑक्टोबर १९४७ला भारतीय सैनिकांना घेऊन श्रीनगरला उतरलेली डाकोटा विमानं याच कुळातली.

मला वाईट २४७चंच वाटतं. वाट त्याने दाखवली. दार मात्र त्याच्या मालकांनी लावून घेतलं.