बहिणीने काढलेला चेहरा

जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेचं एक चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. पोस्टकार्डापेक्षाही लहान. तिच्या थोरल्या बहिणीने, कॅसॅन्ड्राने, १८१० च्या सुमारास ते पेन्सिलीने काढलं. चेहऱ्यावर तेवढा जलरंगाचा हलका हात फिरवलाय, बाकी नुसत्या रेघा.

चित्र पाहून पुष्कळजण म्हणतात, बाई रागावलेली दिसते! हाताची घडी घातलेली, ओठ घट्ट मिटलेले, नाकापासून तोंडापर्यंत ओढलेली रेघ, आणि डोळे बाजूला कुठेतरी लागलेले. कॅसॅन्ड्रा काही शिकलेली चित्रकार नव्हती. हात तर तिला बिचारीला मुळीच साधले नाहीत.

पण मैत्रिणींनो, रेघा जरा निरखून बघा. पेन्सिलीचं एक बरं असतं, हात कुठे रेंगाळला नि कुठे घाईने पुढे गेला, ते कागदावर राहतं. कपडे आणि खुर्ची दोन-चार फटकाऱ्यांत उरकलीत. जीव ओतलाय तो चेहऱ्यात. काढणारी सारखी बहिणीकडे बघतेय, आणि बहीण मात्र तिच्याकडे बघायची तसदीही घेत नाही! परक्या चित्रकारापुढे अशी कोण बसेल? स्टुडिओत फोटो काढायचा म्हटलं की आपण पदर सारखा करतो, ओठ जरा हसरे करतो. बहिणीसमोर कशाला करू? 'आटप बाई लवकर, कामं पडलीत,' असाच तो भाव मला वाटतो. त्याला राग कसा म्हणायचा? निर्धास्तपणा आहे तो.

दोघीही अविवाहित. कॅसॅन्ड्राचं लग्न ठरलं होतं, पण तिचा नियोजित वर १७९७ साली वेस्ट इंडीजमध्ये तापाने गेला. १८०९ पासून चॉटन गावच्या घरात दोघींची निजायची खोली एकच होती. जेनची पहिली कादंबरी छापून आली १८११ मध्ये. म्हणजे चित्रातली बाई अजून कुणी नामवंत नाही. घरातली पस्तिशीची धाकटी बहीण, एवढंच.

माझी ताई एका भाऊबीजेला आमच्याकडे आली होती. पंधरा दिवस एक दुखणं मी मनात घेऊन वावरत होते, घरात कुणाला पत्ता नव्हता. सगळ्यांशी हसूनच बोलत होते. मी भाजी चिरत असताना ती ओट्याशी उभी राहिली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "काय होतंय तुला?" दुसऱ्या दिवशी तीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. म्हणून या चित्राकडे बघताना मला त्या मिटल्या ओठांपेक्षा समोर बसलेली कॅसॅन्ड्राच जास्त दिसते.

जेनच्या एका भाचीला मात्र हे चित्र मुळीच आत्यासारखं वाटलं नाही. खरंच असेल ते. भाचरांपुढे आत्याचा चेहरा वेगळाच असतो की! पुढे १८६९ साली भाच्याने तिचं चरित्र लिहिलं, तेव्हा त्याने एका चित्रकाराकडून यावरूनच नवं चित्र करवून घेतलं. डोळे मवाळ झाले, ओठ सैलावले, कपाळावरचा त्रास गेला. चारचौघांत न्यावी अशी बाई तयार झाली. इंग्लंडने २०१७ साली काढलेल्या दहा पौंडांच्या नोटेवर तोच चेहरा आहे. नोटेवर कुणाला त्रासिक बाई नकोच असणार म्हणा.

जेन १८१७ च्या जुलैत विंचेस्टरला गेली, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी. शेवटच्या घटकेला कॅसॅन्ड्रा जवळ होती. नंतर ती अठ्ठावीस वर्षं जगली. बहिणीची कितीतरी पत्रं तिने स्वतःच्या हाताने जाळून टाकली, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. हा कागद मात्र ठेवला. त्यातले ते न साधलेले हात तिने कधी पुरे केले नाहीत, आणि ओठही होते तसेच राहू दिले.