गुंद्रादेचे माहेर

मध्ययुगीन युरोपातील एखाद्या स्त्रीचे सासर शोधणे तुलनेने सोपे असते; माहेर शोधताना मात्र वंशेतिहासकाराचा कस लागतो. त्या काळच्या दानपत्रांत स्त्री येते ती बहुधा कोणाची तरी पत्नी म्हणून, विधवा म्हणून किंवा मुलाने दिलेल्या दानाला संमती देणारी आई म्हणून. आडनावांची रीत अद्याप रुळलेली नसल्याने नुसत्या नावावरून घराणे कळत नाही, आणि जन्माची नोंद ठेवण्याची प्रथाच नसल्याने पित्याचे नाव कोणी मुद्दाम लिहून ठेवले असेल तरच ते हाती लागते. अकराव्या शतकातील गुंद्रादा ही अशीच एक स्त्री. तिचा नवरा विल्यम द वारेन हा नॉर्मंडीतील सरदार; 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईत तो विल्यम विजेत्याच्या बाजूने लढला, इंग्लंडमध्ये त्याला विस्तीर्ण जमिनी मिळाल्या आणि 1088 मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, तो सरेचा अर्ल झाला. या दांपत्याने ससेक्समधील लुइस येथे सेंट पँक्रसच्या नावाने जो मठ स्थापन केला, तो फ्रान्समधील क्लुनीच्या मठाशी जोडलेला इंग्लंडमधील पहिला मठ होय. गुंद्रादा 27 मे 1085 रोजी नॉरफोकमधील कॅसल एकर येथे बाळंतपणात वारली आणि लुइसच्या मठात तिचे दफन झाले. एवढा तपशील निश्चित असूनही ती कोणाची मुलगी, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी अनेक वर्षे वाद घातला.

कित्येक पिढ्या या प्रश्नाचे उत्तर ठरून गेलेले होते, आणि ते असे की गुंद्रादा ही विल्यम विजेता व त्याची राणी, फ्लँडर्सच्या काउंटची कन्या माटिल्डा, यांची मुलगी. हे उत्तर निराधार नव्हते, हे आधी मान्य करायला हवे. लुइसच्या मठात पंधराव्या शतकात तयार झालेली दानपत्रांची नोंदवही, म्हणजे मठाला मिळालेल्या सर्व सनदांच्या नकला एकत्र उतरवून ठेवलेले पुस्तक, आजही उपलब्ध आहे. तिच्यातील एका लांबलचक पत्रात विल्यम द वारेन मठाच्या स्थापनेची हकीकत सांगतो आणि राणी माटिल्डेचा उल्लेख आपल्या पत्नीची आई असा करतो. खुद्द राजाने मठाला वॉल्टनची जमीन दिल्याचे जे पत्र आहे, त्यात गुंद्रादेच्या नावापुढे ‘माझी मुलगी’ अशा अर्थाचे शब्द आढळतात. शिवाय तिच्या थडग्यावरील काळ्या शिळेचा लेख तिला ड्यूकांच्या कुळातील म्हणून गौरवतो. तीन वेगळ्या जागी मिळालेले तीन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना दोष देता येत नाही.

परंतु पुरावे मोजायचे नसतात, त्यांचे उगम पाहायचे असतात. हे तिन्ही पुरावे शेवटी एकाच मठाच्या दारात जाऊन थांबतात. दानपत्र मठाच्या नोंदवहीत, राजाचे पत्र मठाला दिलेले, आणि शिळा मठाच्या आवारातली. मठाला आपली संस्थापिका राजकन्या असण्यात किती स्वारस्य होते हे ध्यानात घेतले, की तीन साक्षीदारांच्या जागी एकच साक्षीदार उरतो, आणि तोही निकालात हितसंबंध असलेला. संस्थापनेचे ते लांब पत्र बनावट असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. राजाच्या पत्रातील ‘माझी मुलगी’ हे शब्द मूळ लेखनातले नसून प्रक्षेप, म्हणजे मागाहून घातलेली भर, असल्याचे मत पुढे आले. मध्ययुगीन भिक्षूंनी बनावट पत्रे रचली म्हणून त्यांना आजच्या अर्थाने लबाड ठरवणे अन्यायाचे होईल. ज्या जमिनी आणि जो मान आपल्या मठाचा आहे अशी त्यांची श्रद्धा होती, त्याला कागदाचा आधार निर्माण करणे हे त्यांच्या दृष्टीने मठाचे रक्षणच होते. तरीही वंशेतिहासकाराला अशा कागदातून संस्थापिकेचा पिता घेता येत नाही. त्यातून फार तर हे कळते, की नंतरच्या शतकांत मठाला कोणता पिता हवासा वाटत होता.

त्या काळ्या शिळेकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण वस्तू माणसाला कागदापेक्षा लवकर मोहात पाडते. 1537 मध्ये लुइसचा मठ विसर्जित होऊन त्याच्या इमारती पाडल्या गेल्या, तेव्हा ही शिळा तिथून हलली आणि आइसफिल्ड गावच्या चर्चमध्ये शर्ली नावाच्या एका गृहस्थाच्या थडग्यावर बसवली गेली. अठराव्या शतकात ती तिथे ओळखली गेली आणि लुइसजवळच्या साउथओव्हरच्या चर्चमध्ये परत आणली गेली. पुढे 1845 मध्ये मठाच्या जागेतून रेल्वेमार्ग खणताना मजुरांना शिशाच्या दोन पेट्या सापडल्या, त्यांत अस्थी होत्या आणि झाकणांवर गुंद्रादा व विल्यम अशी नावे कोरलेली होती. शिळेचे कोरीवकाम बाराव्या शतकाच्या मध्याचे, म्हणजे गुंद्रादेच्या मृत्यूनंतर अर्धे शतक उलटून गेल्यावरचे आहे. पेट्याही तिच्या मूळ दफनाच्या नसून नंतर अस्थी पुन्हा पुरल्या गेल्या तेव्हाच्या मानल्या जातात. पेटीवर नाव आहे, पण पित्याचे नाही. शिळेवरील लेखात कुळाचा गौरव आहे, पण कोणत्याही राजाचे वा राणीचे नाव त्यात नाही. विल्यम विजेता खरोखरच पिता असता, तर त्याचा नातू राज्य करून गेला त्या शतकात, त्याचे नाव कोरायला कारागिराने आढेवेढे घेतले असते असे मानणे कठीण आहे. शिळेचा दगड तुर्ने शहराच्या परिसरातला आहे, आणि गुंद्रादेचे माहेर फ्लँडर्सचे मानणाऱ्याला या योगायोगाचा मोह पडू शकतो. पण त्याच दगडाची बाप्तिस्म्याची पात्रे विंचेस्टरसारख्या इंग्लिश कॅथीड्रलमध्येही आहेत, कारण बाराव्या शतकात हा दगड समुद्रापार विकला जात असे. दगडाच्या खाणीवरून माहेर ठरत नाही.

वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला तो 1846 मध्ये, जेव्हा टॉमस स्टेपलटन यांनी गुंद्रादा ही विल्यम विजेत्याची मुलगी नव्हे असे साधार मांडले. त्यांचा मुख्य आधार होता ऑर्डेरिक व्हितालिस हा इतिहासकार, जो नॉर्मंडीतील सेंत-एव्रूलच्या मठात बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहीत होता आणि ज्याला लुइसच्या मठाच्या प्रतिष्ठेशी काही देणेघेणे नव्हते. ऑर्डेरिक स्पष्ट सांगतो, की विल्यम द वारेनची पत्नी गुंद्रादा ही गेरबोदची बहीण होती. हा गेरबोद फ्लँडर्सचा. राजाने त्याला काही काळ चेस्टर दिले होते, पण तो स्वदेशी परतला आणि तिथे कैदेत पडला. मात्र स्टेपलटन अर्ध्यावर थांबले. मठाच्या पत्रातील राणीचे मातृत्व त्यांच्याने सोडवेना, म्हणून त्यांनी अशी मांडणी केली, की माटिल्डेचा आधी एक विवाह झाला होता, पहिला पती सेंत-ओमेर येथील सें-बेर्तँ मठाचा रक्षक-सरदार गेरबोद होता आणि गुंद्रादा ही त्या विवाहाची मुलगी. 1049 च्या रँसच्या धर्मसभेत पोपने विल्यम-माटिल्डा विवाहाला जी बंदी घातली होती, तिचेही कारण त्यांना या पूर्वविवाहात दिसले. एक चुकीचा धागा तोडायचा आणि दुसरा वाचवण्यासाठी नवा विवाह कल्पायचा, ही चूक या शास्त्रात वारंवार होते, आणि ती नेहमी बुद्धिमान माणसांकडूनच होते, कारण विसंगत साधनांचा मेळ घालण्याची हौस त्यांनाच असते. माटिल्डेच्या पहिल्या विवाहाबद्दल कोणत्याही समकालीन साधनात अवाक्षर नाही.

या साऱ्या मांडणीला उत्तर दिले ते एका पत्राने, आणि त्यात गुंद्रादेचे नावही नाही. विल्यम विजेत्याचा धाकटा मुलगा राजा हेन्री पहिला याने आपली एक मुलगी गुंद्रादेच्या मुलाला, दुसऱ्या विल्यम द वारेनला, देण्याचे योजले आणि कँटरबरीचे आर्चबिशप आन्सेल्म यांचा सल्ला विचारला. आन्सेल्म यांनी उत्तर धाडले, की वधू-वरांचे नाते एका बाजूने चौथ्या व दुसऱ्या बाजूने सहाव्या पिढीत येते, सबब हा विवाह धर्माला मान्य होणार नाही. त्या काळी चर्चचा नियम असा होता, की समान पूर्वजापासून सात पिढ्यांच्या आत येणाऱ्या स्त्री-पुरुषांचा विवाह निषिद्ध; ही मर्यादा पुढे 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने चार पिढ्यांवर आणली. आता गुंद्रादा राजकन्या असती तर काय झाले असते ते पाहावे. ती हेन्रीची बहीण ठरली असती, आणि वर वधूचा सख्खा आतेभाऊ. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत असल्याने मराठी वाचकाला त्यात वावगे वाटणार नाही, पण चर्चच्या हिशेबात हे दुसऱ्या पिढीतले, म्हणजे चर्चा करायचीही गरज नसलेले नाते होते. एवढे जवळचे नाते समोर असताना आन्सेल्मसारखा काटेकोर धर्मशास्त्री चौथी आणि सहावी पिढी मोजत बसला नसता, आणि आपली सख्खी भाचरे कोण हे ठाऊक असलेल्या राजाने तसा प्रश्नच विचारला नसता. हाच युक्तिवाद स्टेपलटन यांच्या मांडणीलाही लागू पडतो, कारण गुंद्रादा माटिल्डेची पहिल्या घरची मुलगी मानली तरी ती हेन्रीची सावत्र बहीणच राहते.

या पत्रातील आकडे आणखीही काही सांगतात. रॉबर्त द तोरिन्यी या बाराव्या शतकातील इतिहासकाराने वारेन घराण्याचा संबंध नॉर्मंडीची डचेस गुन्नोर हिच्या भाच्यांशी जोडला आहे. गुन्नोर व तिची बहीण यांच्या आईवडिलांपासून मोजायला घेतले तर एका शाखेत गुन्नोर पहिली, तिचा मुलगा दुसरा रिचर्ड दुसरा, त्याचा मुलगा रॉबर्ट तिसरा, विल्यम विजेता चौथा, हेन्री पाचवा आणि हेन्रीची मुलगी सहावी येते. दुसऱ्या शाखेत बहीण पहिली, तिची मुलगी दुसरी, पहिला विल्यम द वारेन तिसरा आणि त्याचा मुलगा चौथा. चार आणि सहा, पत्रात दिलेले तेच आकडे. या मोजणीने तोरिन्यीची वंशावळ सर्वस्वी सिद्ध होत नाही, पण आन्सेल्म यांच्या मनातले नाते गुंद्रादेच्या माहेरकडून नव्हे, तर तिच्या सासरकडून येत असावे, हे अनुमान त्याने बळकट होते. ज्या कागदाचा गुंद्रादेशी वरकरणी संबंध नाही आणि जो कोणाचे कुळ मिरवण्यासाठी लिहिलेला नाही, त्याने तिच्याविषयी सर्वांत भरवशाची साक्ष द्यावी, यात या कामाचा खरा आनंद आहे.

एडवर्ड फ्रीमन यांनी 1888 मध्ये उपलब्ध साधनांचा एकत्रित विचार करून गुंद्रादेचा राजाशी किंवा राणीशी रक्तसंबंध नव्हता, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि अभ्यासकांपुरता वाद मिटला. हौशी वंशावळींत मात्र ती अजूनही राजकन्या म्हणून नांदते. यामागची भावना समजण्यासारखी आहे, कारण वारेन घराण्याचे वंशज इंग्लंडच्या कित्येक घराण्यांत मिसळले आणि प्रत्येकाला आपल्या कुळाच्या वरच्या टोकाला राजा हवा असतो. वस्तुतः राजघराण्याशी या घराण्याचे नाते पुढे खरोखर जुळलेच होते: वारसदार इझाबेल द वारेन हिचा पहिला विवाह स्टीफन राजाच्या मुलाशी आणि दुसरा दुसऱ्या हेन्रीचा सावत्र भाऊ हॅमेलिन याच्याशी झाला. जे शंभर वर्षांनी अस्सल कागदांतून मिळते, ते आधी बनावट कागदातून घेण्याची गरज नव्हती.

मग गुंद्रादेच्या नावावर काय लिहावे? भाऊ गेरबोद, हे ऑर्डेरिकच्या साक्षीने ठामपणे लिहिता येते. फ्रेडरिक नावाचा दुसरा भाऊ बहुतेक अभ्यासक मानतात. 1086 च्या डूम्सडे जमीनमोजणीत नॉरफोकमधील वारेनच्या काही जमिनी पूर्वी फ्रेडरिकच्या असल्याची नोंद आहे आणि हेरवर्ड या बंडखोराने त्याला मारल्याची परंपरा आहे. तीच परंपरा त्याला विल्यम द वारेनचा भाऊ म्हणते, पण जमिनींचा प्रवास आणि त्याचे मूळ पाहता तो मेहुणा असणे अधिक संभवते. पिता सें-बेर्तँचा रक्षक गेरबोद, हे मुलाच्या नावावरून व पदावरून केलेले चांगले अनुमान आहे आणि ते अनुमान म्हणूनच नोंदवले पाहिजे. आईची जागा रिकामी ठेवावी. अनेक वंशावळकारांना रिकामी जागा सोसत नाही, आणि माटिल्डा त्या जागेत शिरली ती याच अस्वस्थतेतून.

यापुढचा शोध इंग्लंडच्या राजवाड्यात नसून उत्तर फ्रान्समधील सेंत-ओमेरच्या दिशेला आहे. सें-बेर्तँच्या मठात रक्षक म्हणजे मठाच्या जमिनींचे शस्त्राने संरक्षण करणारा आणि मठाच्या वतीने न्यायनिवाड्याला उभा राहणारा गृहस्थ सरदार. त्यामुळे दानाच्या वेळी साक्षीदारांच्या यादीत त्याचे नाव वारंवार येते. या मठाचे मूळ दप्तर फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत विखुरले, पण त्यापूर्वी मठाचे शेवटचे दप्तरपाल दों शार्ल-जोझेफ दविट यांनी सनदांच्या नकला चिकाटीने उतरवून ठेवल्या होत्या. गेरबोद हे नाव या साक्षीदारांत कोणत्या साली येते, त्याच्या आगेमागे कोण उभे आहेत, एकाच नावाचे दोन पुरुष बाप-लेक आहेत की चुलते-पुतणे, आणि दानाला संमती देणाऱ्यांत एखाद्या स्त्रीचे नाव आहे काय, हे ओळीगणिक तपासल्याने गुंद्रादेच्या माहेरची आणखी एखादी व्यक्ती ओळखू येण्याची शक्यता आहे.