नाचाचे नियम कोण लिहितो?

जोडीने करायच्या विलायती नाचाला बॉलरूम म्हणतात. आमच्या घराण्यात तो कुणी नाचलेले नाही, पुढेही कुणी नाचेल असे वाटत नाही. तरी गेले वर्षभर आम्ही नवरा-बायको या नाचाच्या स्पर्धा आवडीने पाहतो आहोत, जुन्या कृष्णधवल आणि आताच्या रंगीतही. नाचाचे नाव एकच, पण दोन्ही पाहिल्यावर हे दोन निरनिराळे नाच आहेत असेच वाटते. जुन्या जोड्या सरळ उभ्या राहून, सहज चालल्यासारख्या नाचतात. आताच्या जोडीतली बाई कमरेपासून वर डावीकडे मागे झुकलेली असते, हात रुंद पसरलेले असतात आणि पावले लांबच लांब पडतात. आमच्यातल्या एकाला जुने आवडते, दुसरीला नवे. या वादातूनच आम्ही विचारू लागलो, की हे बदलते कोण?

या नाचांचे मूळ दरबारात नाही. टँगो ब्युनोस आयर्सच्या गरीब वस्त्यांत वाढला. फॉक्सट्रॉट 1914 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आला. तो लोकप्रिय करणारे व्हर्नन आणि आयरीन कॅसल हे जोडपे गोरे, पण त्यांच्या बँडचा प्रमुख जेम्स रीझ युरोप हा काळा संगीतकार होता. पहिल्या महायुद्धानंतर लंडनच्या तरुणांना हे ताल इतके भावले, की जो तो मनाला येईल तसा नाचू लागला. नाच शिकवणारे मास्तर हवालदिल झाले. मग मे 1920 मध्ये ‘डान्सिंग टाइम्स’ मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी त्यांची बैठक बोलावली आणि काय ठेवायचे, काय टाकायचे याची चर्चा सुरू झाली. जुन्या पद्धतीत पाय बाहेर वळवून नाचत. नव्या इंग्रजी पद्धतीत पाय सरळ, रस्त्याने चालतो तसे. फॉक्सट्रॉट बँडवाले फारच वेगात वाजवू लागले, तेव्हा संथ आणि जलद असे त्याचे दोन नाच झाले. जलद नाचात चार्ल्सटन मिसळला आणि क्विकस्टेप तयार झाला. चार्ल्सटनही अमेरिकेतल्या काळ्या लोकांचाच.

रुंबाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. लंडनमध्ये पियेर नावाचे फ्रेंच शिक्षक चौकोनी पावलांचा रुंबा शिकवीत. 1947 मध्ये ते क्यूबाला गेले. तिथले लोक पहिल्या मात्रेवर नव्हे, दुसऱ्या मात्रेवर पाऊल टाकतात हे त्यांनी पाहिले. परत आल्यावर स्वतःचेच शिकवणे बदलून त्यांनी क्यूबाची पद्धत सुरू केली. चौकोनी रुंबा शिकवून पोट भरणारे शिक्षक खवळले. हे भांडण ‘रुंबा युद्ध’ म्हणून ओळखले जाते. शेवटी 1955 मध्ये क्यूबाच्या पद्धतीला मान्यता मिळाली. तरीही क्यूबाच्या काळ्या वस्त्यांतला, ढोलाच्या तालावरचा अस्सल रुंबा वेगळाच राहिला. स्पर्धेत गेले ते मुख्यतः त्याचे नाव.

आता पावले एवढी लांब का झाली? ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये 1920 पासून नृत्यमहोत्सव भरतो. तिथे एका वेळी अनेक जोड्या उतरतात. परीक्षक कडेला उभे असतात आणि गाणे दीड-दोन मिनिटांत संपते. प्रत्येक जोडीच्या वाट्याला परीक्षकाची नजर येते ती काही क्षण. मग गर्दीत जे उठून दिसते त्याला गुण मिळतात. जिंकणाऱ्याची नक्कल पुढची पिढी करते. परीक्षक बहुधा जुने विजेते आणि आजचे शिक्षक असतात, त्यामुळे त्यांनी पसंत केलेले लवकर फैलावते. पुस्तकातला नियम मागाहून लिहिला जातो. जोडी म्हणजे एक पुरुष आणि एक बाई, हा नियमही असाच. अमेरिकेच्या राष्ट्रीय नृत्यमंडळाने 2019 मध्ये ती अट काढून टाकली.

स्पर्धेला नियम हवेतच, नाहीतर निकाल लावायचा कसा? पण 1920 ची बैठक लंडनच्या मास्तरांची होती. ज्यांच्या तालावर हे नाच उभे राहिले, ते त्या बैठकीत नव्हते. लेखणी ज्याच्या हाती होती त्याने बरोबर आणि चूक ठरवले, आणि त्याच्याच नातवंडांनी ते पुन्हा बदलले. दर पिढीतले वडीलधारे म्हणत आले, की खरा नाच आमच्या वेळचा.

वाचकहो, कुणी आपल्या मुलामुलींच्या नाचाला, गाण्याला किंवा बोलीला अशुद्ध म्हणाले, तर मान खाली घालू नका. शुद्ध काय हे कुणी ठरवले आणि कोणत्या साली, एवढे शांतपणे विचारा. नियमाच्या प्रत्येक पुस्तकावर साल छापलेले असते.